कानबाईला नदीवर पोहोचायला झालेला उशीर

आमच्या घरात कानबाई, श्रावणात मांडायची आमची खानदेशी देवी, आजोबांच्याही आधीपासून बसते. तरी खरं सांगतो, माझी श्रद्धा बेताचीच होती. मला घड्याळ कळतं. सोमवारी सकाळी नऊला देवी निघाली की सव्वादहाला नदीत विसर्जन, एवढं माझं चोख असायचं.

यंदा धरणगावजवळच्या आमच्या गावात ते कोलमडलं. देवीचा चौरंग माझ्या डोक्यावर, आणि दारोदारी बाया माझे पाय धुवायला थांबवत होत्या. शेवटच्या दारात एक अनोळखी म्हातारी होती. हळद आणायला ती दोनदा आत गेली, मग तिनं अख्खं गाणं म्हटलं. वीस मिनिटं गेली. मी चिडून म्हणालो, "अक्का, आटपा, मान मोडली!"

"घाई तुले शे का मायले?" देवीकडे बोट दाखवत ती म्हणाली. बायका खो खो हसल्या.

नदीच्या उतारावर आलो तेव्हा दहा चाळीस झाले होते. पंपावर येतो तसा उग्र वास आला. पुलाकडून रेल्वेचा एक गँगमन हात हलवत धावत येत होता. "भाऊ, दिवे विझवा! मालगाडी घसरनी, टँकर फुटनात! बठ्ठं पेट्रोल पानीमा शे!"

चौतीस बायका, प्रत्येकीच्या ताटात पेटती आरती. दिवा फुंकायचा नसतो, म्हणून माझ्या पत्नीनं नैवेद्याच्या दुधात बोटं बुडवून आपली वात शांत केली. मग सगळ्यांनी तसंच केलं. आम्ही मागे सरलो. गाडी सव्वादहाला घसरली, असं गँगमननं सांगितलं. माझ्या वेळेप्रमाणे तेव्हा आम्ही गुडघाभर पाण्यात असतो.

लांबून पाहिलं. पाण्यावर रंगीत तवंग पसरत होता आणि मासे तोंडं वर काढून तडफडत होते. मी मोजायला लागलो. दोनशेबारावर थांबलो.

कानबाईला तशीच घरी आणलं, पितळी घंगाळात विसर्जन केलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीला शोधलं. चोपड्याहून बहिणीकडे आलेली पाहुणी. पायाला हात लावला तर म्हणाली, "मी काय करं रे भाऊ? मन्हा गुडघा दुखस, म्हनीसन येळ लागना."

चौतीस बाया वाचल्या. मासे का नाही, हे मला कळलेलं नाही. देवीला विचारायला बसलो होतो. पण विचारायच्या आधीच हात जोडले गेले. आता रोज सकाळी काठावर जातो, पाण्यात काही हलतं का बघतो, आणि नदी कानबाईच्या हवाली करून परत येतो.