थांबाताईंची बोटं

गॅरेजच्या त्या गल्लीत टायरवाला, बॅटरीवाला, काचवाला अशी सगळ्यांची नावं मालावरून पडली होती. एकाच दुकानाचं नाव मालकिणीच्या तोंडातल्या पहिल्या शब्दावरून पडलं. गाड्या धुण्या-पुसण्याचं आणि चमकवण्याचं सामान विकणाऱ्या ताई, गिऱ्हाईक काउंटरपाशी आलं रे आलं की म्हणायच्या, "थांबा." म्हणून त्या थांबाताई. तोंडावर सगळे नुसतं ताई म्हणत. पाठीमागे काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

नवीन गिऱ्हाईक लांबूनच ओळखू येई. ते हातात फोन धरूनच पायरी चढे. फोनवर व्हिडिओ, आणि व्हिडिओतला माणूस गाडीवर कसलासा फवारा मारून एकदाच फडका फिरवतो की गाडीत आकाश दिसायला लागतं. "हे द्या," एवढंच गिऱ्हाइकाचं म्हणणं. ताई तो व्हिडिओ शेवटपर्यंत मन लावून बघत आणि मग म्हणत, "थांबा. ह्याची गाडी आधीपासूनच चकचकीत होती. तुमची कुठाय?"

मग त्या बाहेर येऊन बॉनेटवर बोटं सपाट ठेवत, डोळे मिटत आणि हात अलगद पुढे सरकवत. धुतलेल्या गाडीचा रंग काचेसारखा गुळगुळीत लागायला हवा. बहुतेकांचा लागत नसे. "ही खरखरतेय बघा. झाडाचा चीक, ब्रेकची धूळ, सगळं वर चिकटून बसलंय. ह्याच्यावर पॉलिश घासलंत तर तीच घाण रंगावर फिरवाल. आधी नीट धुवायला शिका. दोन बादल्या घ्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. फडका साध्या पाण्यात खळबळला की मगच पुन्हा साबणात. सावलीत धुवा, वरून खाली या. आणि फडका हातातून जमिनीवर पडला की तो मेला. चाकं पुसायला ठेवा, रंगाला पुन्हा लावू नका."

एवढं सगळं ऐकून गिऱ्हाईक एक शॅम्पूची बाटली आणि दोन मऊ फडके घेऊन घरी जाई. पॉलिश, वॅक्स, आणि ती चिकटलेली घाण ओढून काढणारा मळलेल्या मातीसारखा गोळा, हे सगळं पुढच्या खेपेला. काही जण पुन्हा फिरकत नसत. जे येत ते मात्र आपल्या मेव्हण्याला नाहीतर शेजाऱ्याला घेऊन येत.

धाकटा दीर काउंटरच्या दुसऱ्या टोकाला बसून हे बघे आणि कपाळाला हात लावे. दुकान दोघांचं होतं. माल मागवायचं, फोन घ्यायचं काम त्याचं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत जन्मला होता.

"वहिनी, गिऱ्हाईक देव असतं."

"देव आहे म्हणूनच त्याला खड्ड्यात ढकलत नाही, भाऊजी."

त्याच्या डोक्यात एक खोकं होतं. शॅम्पू, फडका, पॉलिश, वॅक्स, सगळं एका खोक्यात भरायचं, वर 'नवशिक्यांसाठी' अशी चिठ्ठी डकवायची, आत एक छापील कागद. लोक घरबसल्या मागवतील. वहिनींना उन्हात उठून बाहेर जायला नको, प्रत्येकापुढे तेच पुराण लावायला नको. तो हे वहिनींच्या भल्यासाठीच बोलायचा. ताई हसून उडवून लावत. कागद हात लावून बघतो का, असं विचारत.

ताईंचा हात असा उगीच तयार झाला नव्हता. नवऱ्याचं गाड्या रंगवायचं वर्कशॉप होतं, ह्याच गल्लीच्या टोकाला. रंग वाळला की त्यावरचं शेवटचं घासकाम आणि पॉलिश ताईंकडे असे. तिथल्या कामगारांना मशीन हवं असायचं, ताईंना स्वतःचा हात बरा वाटायचा. नवरा गेला, वर्कशॉप दुसऱ्याला दिलं, आणि घराच्या पुढच्या खोलीत दिराच्या जोडीने हे दुकान थाटलं. तेव्हा त्यांच्याकडे भांडवल म्हणावं तर ही बोटंच होती. पाण्याचा डाग कुठला, रंगात उतरलेला चरा कुठला, हे त्या अंधारातसुद्धा सांगत. त्यात बढाई नव्हती. तसं होतंच.

आणि तीच बोटं आता मुकी झाली होती.

सुरुवात बाटलीच्या झाकणापासून झाली. झाकण फिरवताना ते हातात आहे की नाही तेच कळेना. मग वॅक्सचा डबा निसटला. "हात ओला होता," ताई म्हणाल्या, आणि दिराने फरशी पुसून घेतली. पुढे अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं, दोन्ही हातांची, जाड हातमोजा घातल्यासारखी झाली. सकाळी उठल्यावर हात झटकावे लागत. ताईंनी कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाबरोबर बाहेर जाणं त्यांनी सोडलं नाही. बॉनेटवर बोटं ठेवत, डोळे मिटत, आणि मग डोळे किलकिले करून तिरक्या उजेडात डाग बघून घेत. गाडी कुठे उभी असते, कशाने धुता, असे प्रश्न विचारून बाकीचं ताडत. इतक्या वर्षांच्या अनुभवावर चालून जाई. पण आपण सोंग करतोय हे त्यांना कळत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. भीती तर त्याहून मोठी होती. हाताला कळेनासं झालं तर आपण नुसत्या बाटल्या काढून देणारी बाई. मग दिराच्या खोक्यात आणि आपल्यात फरक तो काय?

अशातच एका दुपारी ती नर्स आली. हॉस्पिटलच्या कपड्यांवरच आली होती, आणि रडकुंडीला आलेली होती. तिच्या हातात फोन नव्हता, एवढ्यावरच ताईंचं तिच्याबद्दल बरं मत झालं.

"ताई, चरा घालवायचं काहीतरी द्या. स्ट्राँग असेल ते द्या."

"थांब. गाडी आणलीस?"

गाडी काळी होती. नवशिक्याने काळी गाडी घेऊ नये असं ताईंचं ठाम मत होतं, पण घेऊन झाल्यावर ते सांगण्यात काय अर्थ? नर्सने ती जुनीच, पण नुकतीच विकत घेतली होती. तिच्या घरातली पहिली गाडी. झाडाखाली उभी केली, चीक पडला. सवयीने तिने स्पिरिट लावलं आणि डाग सुटतोय म्हटल्यावर स्वयंपाकघरातली हिरवी घासणी आणून जोर लावला. बॉनेटवर तळहाताएवढा भाग पांढुरका झाला होता.

"स्पिरिटपर्यंत बरोबर होतीस," ताई म्हणाल्या. "घासणी कुठून सुचली?"

"आमच्याकडे डाग दिसला की घासायचं. निघेपर्यंत."

"रंग म्हणजे फरशी नाही गं बाई."

नर्स ओशाळून हसली, पण नजर बॉनेटवरून हटेना. "आईला उद्या पहिल्यांदा बसवणार होते. गाडी कशाला हवी म्हणून तिने डोकं खाल्लंय माझं. आता हे बघितलं की वर्षभर ऐकवेल. जाईल ना हे?"

आता सगळं एका गोष्टीवर होतं. रंगावर एक पारदर्शक थर असतो. घासणीचे ओरखडे त्या थरातच वरवर असतील तर हलकं पॉलिश, मऊ स्पंज आणि थोडी चिकाटी पुरते. ते त्याच्या खाली उतरले असतील, तर पॉलिश घासून उरलासुरला थरही जाईल आणि गाडी थेट रंगवायलाच न्यावी लागेल. हे ठरवायची रीत अगदी साधी. चऱ्यावरून आडवं नख फिरवायचं. नख अडकलं तर खोल, सरकलं तर वरवर.

ताईंनी नख फिरवलं. काही कळलं नाही. पुन्हा फिरवलं. दाराशी दीर येऊन उभा राहिला होता. तिरक्या उजेडानेही ह्या वेळी साथ दिली नाही, कारण पांढुरक्या डागात ओरखडे एकमेकांत मिसळले होते. "वरवरचं आहे, जाईल," एवढं म्हटलं की झालं असतं. पोरगी आनंदाने गेली असती. शब्द ओठांवर आला होता.

"मला कळत नाहीये," ताई म्हणाल्या. "माझ्या बोटांना हल्ली काही लागत नाही. तूच बघ."

"मी? मला ह्यातलं काय कळतं?"

"कळेल. घाई करू नकोस. डोळे मीट. नख असं आडवं, हलक्या हाताने. शीर शोधताना दाबतेस का? तसंच."

ही भाषा नर्सला कळली. तिचा चेहरा बदलला, खांदे खाली आले. तिने नख फिरवलं, दोन बोटं अंतर सोडून पुन्हा फिरवलं. "सरकतंय. इथेही सरकतंय. इथे..." ती थांबली. "ह्या एका रेघेत अडकतंय. बाकी कुठे नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग ती रेघ राहील. तिच्यावर जोर काढायचा नाही, राहू दे तिला. बाकीचं जाईल." ताईंनी सगळ्यात सौम्य पॉलिशची बाटली आतून मागवून घेतली आणि सावलीत, तेवढ्याच जागेत, तिच्याकडूनच घासून घेतलं. सांगत त्या होत्या, हात तिचा. पांढुरकेपणा विरत गेला आणि खालून काळा रंग ओल्या पाटीसारखा वर आला. नर्स एकदम लहान मुलीसारखी हसली. ताईंनाही बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं.

फडका घडी करता करता नर्सने सहज विचारल्यासारखं विचारलं, "करंगळीला कळतं?"

ताईंनी करंगळीचं नख त्या उरलेल्या रेघेवरून फिरवलं. खट्‌कन अडकलं. आजवर करंगळीला कुणी विचारलंच नव्हतं.

"सकाळी हात झटकता ना? वस्तू पडतात ना?" आता ती काउंटरमागच्या माणसासारखी बोलत होती. "मी डॉक्टर नाही. पण इतकी वर्षं दाबून घासलंयत, मनगटात अंगठ्याकडची शीर दबली असेल, करंगळीची वेगळी असते. आमच्या हॉस्पिटलात दाखवा. पुष्कळदा सुधारतं, पण उशीर केलात तर नाही. तुमच्या धंद्यात दम धरतात, आमच्या धंद्यात हे असलं लांबणीवर टाकत नाहीत."

"येते," ताई म्हणाल्या.

"कधी?"

ताईंना हसू आलं. आपण गिऱ्हाइकाला असंच धरतो. "ह्या आठवड्यात. बस्स?"

नर्स गेली. दिराने सगळं ऐकलं होतं. त्याने फोन घेतले, माल लावला, एका माणसाला चुकीचा फडका देता देता परत घेतला. ताई वाट बघत होत्या. आता हा खोक्याचा विषय काढणार. एका करंगळीवर दुकान चालत नाही.

उन्हं उतरल्यावर तो बाहेर गेला आणि त्याने हाक मारली. "वहिनी, जरा या."

त्याने स्वतःची गाडी दुकानासमोर आणून लावली होती. इतकी वर्षं गाड्या चमकवायचं सामान विकणाऱ्या ह्या माणसाने आपली गाडी कधी स्वतः धुतली नव्हती, पैसे टाकून धुवून घेतली होती. आता तो बॉनेटवर पंजा ठेवून परीक्षेला बसल्यासारखा उभा होता.

"सांगा काय करायचं ते."

"आणि तुमचं खोकं?"

"खोकं कुठे पळतंय? त्यात काय घालायचं ते तरी आधी मला कळू दे." मग मान खाली घालून म्हणाला, "सांगायचं होतं ना वहिनी. डबा पडला तेव्हाच सांगायचं होतं."

ताईंना भरून आलं. पण रडायला वेळ कुठला, त्याचा हात चुकीचा होता. "दाबताय काय असे? बॉनेट पळून जाणार नाहीये." त्यांनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि मनगट सैल करायला लावलं. "डोळे मिटा. हं, आता सरकवा. काय लागतंय?"

"गाडी."

"भाऊजी!"

"बरं, बरं. गुळगुळीत आहे. गार आहे. गुळगुळीतच आहे."

"बोलू नका. नुसतं सरकवा."

समोरून बॅटरीवाला बघत होता. खुशाल बघू दे, असं ताईंना वाटलं. दोन हात एकावर एक, हळूहळू पुढे चालले होते. दिव्याच्या वरच्या बाजूला आले तेव्हा खालचा हात जरासा थबकला.

"वहिनी, इथे काहीतरी आहे."

"मला कळलं," ताई म्हणाल्या.