विंगेतला आवाज

आमच्या नाट्यवर्गाचा हिरो मी होतो आणि हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. इंदिरानगरच्या घरी आरशासमोर उभा राहून मी स्वतःच ते रोज स्वतःला सांगायचो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज, स्वच्छ उच्चार आणि प्रेक्षकांकडे पाठ न करण्याची शिस्त, एवढ्या भांडवलावर मी तीन वर्षं मोठ्या भूमिका पदरात पाडून घेतल्या. फक्त विंगेत आमचा प्रॉम्प्टर संहिता घेऊन उभा दिसला नाही, की मला पुढचं वाक्यच आठवायचं नाही.

हा प्रॉम्प्टर हरसूलकडच्या एका पाड्यावरचा, माझ्याच वर्गातला. आला होता अभिनयच शिकायला. पण त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नसे आणि बोलण्यात डोंगराकडचा हेल होता. म्हणून पहिल्या वर्षी त्याच्या हातात जी संहिता पडली ती सुटलीच नाही. मी कुठे श्वास घेतो, कुठल्या वाक्याआधी उगाच थांबतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. एका स्पर्धेच्या प्रयोगाला त्याची आई गावाहून आली होती. पडदा पडेपर्यंत ती पोराला रंगमंचावर शोधत राहिली. त्यानेच हे आम्हाला हसत सांगितलं आणि आम्हीही हसलो.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. शेवटच्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने फिल्म करायचं काढलं. गोष्ट तिने लिहिली, दिग्दर्शनही तीच करणार होती. डोंगरातून द्राक्षाच्या कामाला आलेल्या मजुराला निरोप येतो, मुलगी आजारी आहे. तो मुकादमाकडे एका दिवसाची सुट्टी मागतो आणि मुकादम सोडत नाही. कॅमेरा माझ्या मामाच्या ओळखीतून मिळाला. आमच्याच शहरातल्या द्वारका चौकात लग्नाचं शूटिंग करणारे एक काका होते, ते दोन दिवस मोकळे होते. मजूर अर्थात मी.

वाचनाच्या दिवशी प्रॉम्प्टर म्हणाला, "या वेळी मला एकदा दिसू द्या. आईला दाखवायचंय. मजुरांच्या घोळक्यात उभं केलं तरी चालंल."

"आणि मला प्रॉम्प्ट कोण करणार?" मी विचारलं. त्याने संहिता पुन्हा हातात घेतली. तो घोळक्यात आला नाही.

पहिला दिवस द्राक्षाच्या शेडमध्ये गेला. प्रॉम्प्टर सवयीने जवळ, पण दिसणार नाही असा, रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे बसला. ती थप्पी कॅमेऱ्याला अगदी खेटून होती. नाटकवाले आम्ही, कॅमेऱ्याला कानही असतो हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. काकांना लग्नाच्या फितीवरचा आवाज काढून नंतर गाणी टाकायची सवय, त्यामुळे तेही काही बोलले नाहीत.

संध्याकाळी काकांच्या दुकानात फीत लावली आणि आम्ही गार पडलो. प्रत्येक वाक्य दोनदा येत होतं. आधी क्रेटमागून त्याची कुजबूज, मग माझी गर्जना. "एकच दिस जाऊ द्या मुकादम, पोरगी वाट बघत आसंल," तो नुसतं सांगून जायचा आणि समोर मजूरच उभा राहायचा. पाठोपाठ मी तेच वाक्य शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकवायचो, भुवया उडवत, हात फैलावत. सुरुवातीला सगळे हसले. मग हसू थांबलं आणि सगळे फक्त त्याचीच वाक्यं ऐकू लागले. तो मान खाली घालून बसला होता.

दिग्दर्शिका म्हणाली, "उद्याचा दिवस आहे आपल्याकडे. मजूर ह्याला करू दे. तू मुकादम कर."

माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार. ही फिल्म मला मुंबईला कामासाठी दाखवायची होती; मुकादम पाठमोरा उभा राहून चार वाक्यं बोलतो. मी म्हणालो, "मग मी नाही. आणि काका माझ्या मामासाठी आलेत, एवढं लक्षात ठेवा." हे मी खरंच बोललो. आजही आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

शेवटी तिने मधला मार्ग काढला. चेहरा माझा, आवाज त्याचा. इतरांचे आवाज स्वच्छ यावेत म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा घेतलं; क्रेटमागे कुजबुजण्याऐवजी तो काकांच्या मागे उभा राहून मला नुसते ओठ हलवून दाखवायचा. मग काकांच्या दुकानात दारं-खिडक्यांना गाद्या लावून त्याचा आवाज भरला. माझ्या ओठांशी दुसऱ्या कुणाचा मेळ बसला नसता, पण त्याला माझा श्वास न् श्वास पाठ होता. मी त्याला विचारलं, "चालेल ना तुला?" तो म्हणाला, "आवाज तरी आईपर्यंत जाईल."

फिल्म आमच्याच हॉलमध्ये, रंगमंचावर पडदा बांधून, दुपारी दाखवली. त्याची आई हरसूलहून एसटीने आली, आम्हा सगळ्यांसाठी नागलीचे पापड घेऊन. तिला पहिल्या रांगेत बसवलं. मी बाजूला उभा होतो, लोकांचे चेहरे बघायला.

मजुराचं पहिलं वाक्य आलं आणि ती ताठ झाली. पडद्यावर माझं तोंड हलत होतं. तिने पडद्याचे चारही कोपरे पाहिले, घोळक्यातला एकेक मजूर पाहिला. मग मान वळवून विंगेकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. त्यानंतर तिने डोळे मिटून घेतले ते दिवे लागेपर्यंत.

टाळ्या भरपूर पडल्या. आमचे सर सगळ्यांदेखत मला म्हणाले, "आवाजावर काय काम केलंस." खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी "थँक्यू सर" म्हणालो. प्रॉम्प्टर दोन पावलांवर उभा होता, त्याने ऐकलं आणि तो खुर्च्या आवरायला लागला.

मला राहवलं नाही. मी त्याच्या आईजवळ गेलो, पाया पडलो आणि म्हणालो, "मावशी, तो आवाज ह्याचाच होता बरं का. सगळा ह्याचाच."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागाने नाही, समजावून सांगावं तसं म्हणाली, "त्याचा आवाज मला सांगाया लागतो का, बाबा? तो मी जन्मापासून ऐकते. मी त्याला बघाया आले व्हते."