गॅसमागची वाकडी लाइन

मिस्त्री घरात शिरले की आधी डावा डोळा मिटायचे, मग चप्पल काढायचे. नेम धरल्यासारखा उजवा डोळा लावून भिंतीकडे, दाराच्या चौकटीकडे बघायचे आणि एकदा तर माझ्या नवऱ्याच्या भांगाकडे बघून म्हणाले, "रेघ म्हंजे रेघ." नवऱ्याने त्या दिवशी परत केस विंचरले.

तुमच्याही घरी लादी बसवायला असा कोणीतरी येऊन गेला असेल. पण आमचे हे चामटोलीचे मिस्त्री म्हणजे एक नमुनाच. साठी उलटलेली, खिशात विडीचं बंडल, कानावर पेन्सिल. आमच्या हेंद्रेपाड्यातल्या कितीतरी मोऱ्या त्यांच्याच हातच्या. कुणाकडे साखरपुड्याला गेले तरी पाहुण्यांशी बोलायचं सोडून लादीचे सांधे तपासत बसायचे. मला "जय भीम, ताई" म्हणायचे तेसुद्धा जमिनीकडे बघून.

माझ्या ओट्यामागच्या टाइल्स लावायला आले तेव्हाची गोष्ट. सकाळी दोरी ताणली, डोळा मिटला आणि मला हाक मारली. दोरी वाकडी आहे म्हणाले. मी म्हटलं, अहो, ताणलेली दोरी वाकडी कशी असेल? तर भडकलेच. आजकाल दोरीतसुद्धा भेसळ करतात म्हणे. स्टेशनजवळून नवी दोरी आणली. तीही मधोमध वाकडी. मग तिसरी आणली, नायलॉनची. दुपारपर्यंत माझ्या ओट्यावर दोऱ्यांचं दुकान लागलं होतं आणि हसून हसून माझं पोट दुखत होतं.

शेवटी दोरीचा नाद सोडून त्यांनी नुसत्या नजरेने गॅसमागची एक लाइन लावली. मागे सरकले, डोळा मिटला आणि आता कशी सरळ आली म्हणून खूश झाले. मी बघितलं, तर लाइनीला मधेच पोट सुटलेलं.

तेव्हा मात्र माझं हसू आटलं. या माणसाचा हात चुकत नाही, हे मला ठाऊक होतं; म्हणजे चुकत होता तो डोळा. मी त्यांचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि आता बघा म्हटलं.

"ताई, ही तर वाकडी हाय."

मग स्वतःच डावा झाकून बघितलं. परत सरळ. तसे मटकन खाली बसले. "डोळा गेला तर मी काय करू? मला दुसरं काय येतंय?"

मला रडूच फुटणार होतं. ते दिसू नये म्हणून मी त्यांच्यावर ओरडले, की चहा प्या आणि उठा, आत्ताच्या आत्ता निघायचंय.

उल्हासनगरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चौकटीचौकटींचा कागद दाखवला, मशिनीवर तपासलं. पडद्याच्या मधोमध वयामुळे होणारा बिघाड, पण नुकताच सुरू झालेला. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं म्हटल्यावर मिस्त्री उठून थेट दारापर्यंत गेले. मी शर्ट धरून परत आणले. बाई म्हणाल्या, एक डोळा बिघडला की दुसरा सांभाळून घेतो, म्हणून लोकांना लवकर कळतच नाही. तुम्हाला एक डोळा मिटायच्या सवयीने वाचवलं. झालं! पुढे मिस्त्री असं सांगत फिरायचे, की हा आजार त्यांनी स्वतःच शोधून काढला.

इंजेक्शनं चालू राहिली, विडी सुटली, डोळा टिकला. आणि मग हेंद्रेपाड्यात धुमाकूळ सुरू झाला. जिथे जिथे लादी बसवली होती, तिथे जाऊन हे म्हाताऱ्या माणसांना मोरीच्या दारात उभं करायचे. हा डोळा झाका, सांधे बघा, आता तो झाका. एका आजींनी आधी भरपूर शिव्या घातल्या, मग हळूच सांगितलं, की मधली लाइन पुसट दिसते. त्यांनाही रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

माझी ती लाइन फोडायला हातोडी घेऊन आले होते. मी आडवी उभी राहिले. म्हटलं, हिच्यामुळे तुमचा डोळा राहिला, हिला हात लावायचा नाही. मिस्त्रींनी नाक खाजवलं.

"मग ताई, रोज एकेक डोळा झाकून बघत जा. वाकडी दिसली तर बरं. सरळ दिसली तर पळा."

मिस्त्री गेले त्याला दोन वर्षं झाली. हार्टने गेले, झोपेतच. आदल्या दिवशी शिरगावात एकाच्या बाथरूमची लादी लावून आले होते, अगदी रेघेत. मला त्यांची फार आठवण येते. परवा सुनेने नव्या किचनचा विषय काढला. म्हटलं, सगळं फोड, तेवढी लाइन सोडून.

सकाळी चहाला उकळी येईपर्यंत मी डावा डोळा झाकून बघते, मग उजवा.

आजही वाकडीच आहे, मिस्त्री.