दोन्ही उपासनांना बसणारी

देवासला आमच्या घरासमोर चर्च आहे. पाळकांच्या नेमणुकीवरून तिथल्या मंडळीत फूट पडली आणि रविवारी दोन वेगळ्या उपासना होऊ लागल्या. एक गट बाहेर पडताना दुसरा तोंड फिरवून आत शिरायचा. एक म्हातारी मात्र दोन्हींना बसायची. मधल्या वेळात ती आमच्या ओट्यावर टेकायची. नाव मी कधी विचारलं नाही, पण एकदा न राहवून म्हटलं, "बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

पदराने चष्मा पुसत ती म्हणाली, "भिया, मी इकडच्या आजाऱ्यांसाठी तिकडे प्रार्थना मागते, तिकडच्यांसाठी इकडे. लोक कुरकुरतात. पण आजाऱ्याचं नाव ऐकल्यावर आमेन कोण नाही म्हणणार?"

पुढे पहिल्या गटाच्या म्होरक्याला लकवा झाला. तिने दुसऱ्या उपासनेत उभं राहून त्याचं नाव घेतलं. आमच्या खिडकीपर्यंत आधी नुसती शांतता आली, मग एक दबका आमेन, मग सगळ्यांचा.

उपासना अजून दोनच होतात. पण म्होरक्या काठी टेकत परत आला, तेव्हा दुसऱ्या गटातल्या माणसाने त्याला हात धरून पायऱ्या चढवल्या. म्हातारी मागून सावकाश चढत होती.