खंडेनवमीला पुसलेला प्रोग्राम

“माने साहेब, जित्तं हाय का मेलंय, तेवढं सांगा.”

मालक माझ्या पाठीमागे उभे होते आणि मी, बाहेरून बोलावलेला दुरुस्तीवाला, पॅनेलमध्ये डोकं घालून बसलो होतो. आत लाल दिवा लागला होता. हिरवा दिवा म्हणजे मशीन कामात आहे, लाल म्हणजे थांबलंय. एरवी एक लहानसा स्विच फिरवला की लालचा हिरवा होतो. मी तो इतक्या वेळा फिरवला, की माने साहेबांना एवढंच येतं असं मालकांना वाटलं असावं.

“जिवंत आहे,” मी म्हणालो. “पण डोकं रिकामं झालंय.”

“म्हंजे आमच्या मॅनेजरासारखं.”

मॅनेजर देसाई शेजारीच होते. ते हसले नाहीत.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ही फौंड्री होती. फौंड्रीत लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात आणि कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, काढतात, एवढं कोल्हापुरात कुणालाही माहीत असतं. ती वाळू नुसती वाळू नसते. तिच्यात माती, पाणी आणि कोळशाची भुकटी ठरावीक वेळ मळावी लागते. हे मळण्याचे दोन प्लँट मालकांनी परदेशातल्या एका बंद पडलेल्या फौंड्रीतून सेकंडहँड आणले होते. लाईन एक आणि लाईन दोन, जुळी भावंडं. दोन्हींच्या पॅनेलमध्ये एकेक PLC. PLC म्हणजे मशीनचा मुकादम. कुठलं झाकण कधी उघडायचं, पाणी किती वेळ सोडायचं, हे तो ठरवतो. पण हा मुकादम स्वतःच्या अकलेनं काही करत नाही. कुणीतरी लिहून ठेवलेला प्रोग्राम तो पाळतो. त्या जुन्या PLC मध्ये प्रोग्राम अशा मेमरीत असे, की वीज गेली की सगळं पुसलं जाई. म्हणून आत एक छोटा सेल असतो. वीज गेली तरी सेल ती आठवण धरून ठेवतो.

लाईन एक खंडेनवमीला बंद केली होती. खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा. सगळे स्विच बंद करायचे, मशीन पुसायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. एरवी लाईट गेली तर पॅनेलचा यूपीएस थोडा वेळ सांभाळून घ्यायचा. पण खंडेनवमीला यूपीएससुद्धा बंद. त्यालाही पूजा हवीच. लाईन दोनवर ऑर्डर अडली होती, म्हणून तिचा पट्टा थांबवून, पॅनेल चालूच ठेवून पूजा उरकली. दसरा करून लोक कामावर आले, स्विच वर केले, तर लाईन एकवर लाल दिवा.

“ज्यानं बंद केली, त्याला घरी बसवलाय,” देसाई म्हणाले. “कांबळे. इलेक्ट्रिशियन.”

“का?”

“बंद केली न्हवं त्यानं?”

मी लाईन दोनचं पॅनेल उघडलं. PLC च्या तोंडावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं मोठं स्वस्तिक होतं. वर्षानुवर्षं त्याच जागी काढल्यानं चांगला जाड थर बसला होता. मी रुमाल ओला करून एका कोपऱ्यातून थोडं पुसलं. खाली पिवळा दिवा लागलेला होता.

“ह्यो कसला दिवा?” मालकांनी विचारलं.

“सेल संपलाय, असं सांगणारा.”

“कवापासनं?”

“ते स्वस्तिकालाच विचारायला हवं.”

हे बोललो आणि जीभ चावली. स्वस्तिक मालक स्वतः काढत. त्यांच्या वडलांपासूनची रीत. मालक म्हणाले, “पूजेला नावं ठेवायची न्हाईत, माने.” ‘साहेब’ गळालं होतं.

सेलचं झाकण उघडलं. लाईन एकसारखाच इथलाही सेल फुगून गळला होता आणि तो ज्या पत्र्यांना टेकतो, त्याही त्यानं खाऊन टाकल्या होत्या. नवा सेल घातला असता तरी तो कुठं टेकणार? म्हणजे लाईन दोनचा प्रोग्राम आता फक्त विजेच्या भरवशावर होता. तिची लाईट गेली आणि यूपीएस संपला, की जुळ्यातलं दुसरंही जाणार. प्रोग्रामची कॉपी कुणाकडेच नव्हती. ज्यांनी तो लिहिला, ती माणसं समुद्रापलीकडे कुठं पांगली असतील देव जाणे.

PLC शी बोलायला तो बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. ते मालकांकडे होतं. त्याचं लायसन एका फ्लॉपीवर होतं, फ्लॉपी कपाटात आणि कपाट फौंड्रीच्या मागच्या ओल आलेल्या भिंतीला. फ्लॉपीवर बुरशी आली होती. पुण्याच्या एजंटला फोन लावला. तो म्हणाला, मॉडेल जुनं आहे, दिवाळीनंतर बघू. मालकांची ऑर्डर दिवाळीच्या आधीची होती.

गेटबाहेर टपरीवर चहाला गेलो, तर बाकावर कांबळे. चाळिशीचा माणूस, स्वच्छ शर्ट, खिशाला टेस्टर. घरी बसवलेला माणूस टेस्टर घेऊन का आलाय, हे मी विचारलं नाही.

“साहेब, मी काय चुकलो ते तरी सांगा.”

“स्विच तुम्ही बंद केला?”

“व्हय. दरवर्षी मीच करतो. मी पूजेला बसत न्हाई, आमच्यात न्हाई ते. म्हणून मला स्विचजवळ उभा करत्यात. बंद कर म्हटलं, बंद केलं की. गेल्या वर्षी बी केलतं. तवा कसं काय झालं न्हाई?”

“तेव्हा सेल चांगला असणार.”

“मग आता लाईन चालू झाली, तर घेतील का मला?”

“मालकांशी बोलतो.”

“नोकरीचं एक ऱ्हाऊ द्या. पर शिरोलीत सगळीकडं झालंय, कांबळेनं लाईन घालवली. सकाळी दोन फौंड्र्यांत जाऊन आलो. नाव सांगितलं की बघतो म्हणत्यात.” त्यानं माझ्या चहाचे पैसे देऊ केले. मी नको म्हणालो. ते त्याला आवडलं नाही.

घरी येऊन मी कॉम्प्युटर लावला. इंटरनेटवर एका परदेशी गृहस्थानं या PLC ची भाषा स्वतःच्या हौसेनं उलगडून एक सॉफ्टवेअर लिहून ठेवलं होतं. कंपनीनं ती भाषा कुणाला सांगितली नव्हती. त्यानं तारांवरून जाणारे आकडे बघत बघत अर्थ लावला होता. आणि सगळं फुकट, आतल्या लिखाणासकट. याला ओपन सोर्स म्हणतात. वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, मात्र हमी मागू नका.

“फुकट का देतोय तो?” बायकोनं विचारलं.

“आवड म्हणून.”

“त्याची बायको काय म्हणते?”

याचं उत्तर इंटरनेटवर नव्हतं.

अडचण अशी होती, की ते सॉफ्टवेअर आकडे वाचण्यात पटाईत होतं. PLC मधला प्रोग्राम बाहेर काढण्याचा भाग मात्र अर्धाकच्चा होता. त्यावर लिहिलंच होतं, जपून वापरा. मी त्या लोकांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या पत्रांच्या कट्ट्यावर, मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. कुठल्या देशातला कोण जाणे, एकानं उत्तर दिलं: तुमच्या मॉडेलला एक ओळ बदला, आणि काही झालं तरी PLC थांबवण्याची आज्ञा चुकून देऊ नका. ते वाक्य मी बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे तुम्हालाच उद्देशून लिहिलंय.”

दुसऱ्या दिवशी जुना लॅपटॉप आणि एका साखर कारखान्याच्या कामातली केबल घेऊन गेलो. आधी लाईन एकला जोडलं. मेलेल्या रोग्यावर हात बसवलेला बरा. PLC नं आपलं मॉडेल सांगितलं. स्क्रीनवर ती एक ओळ उमटली, तेव्हा मी मोठ्यानं “आला!” असं ओरडलो. आतून प्रोग्राम मात्र आला नाही. तिथं काही नव्हतंच.

“आता दोनला लावतो,” मी म्हणालो.

“चालू लाईनला हात लावायचा न्हाई!” देसाईंचा आवाज चढला. “एक गेलीय. दुसरी घालवलीसा तर आमी काय वाळू पायानं तुडवायची काय?”

“नाही लावला तर लाईट गेल्यावर जाणारच आहे.”

“लाईट न्हाई जात वसाहतीत.”

मालकांनी विचारलं, “ह्या तुमच्या फुकटच्या सॉफ्टवेअरची हमी कोण देणार?”

“कुणी नाही. पण समजा, एखाद्यानं तुम्हाला कास्टिंगबरोबर साच्याचा पॅटर्नही दिला आणि ड्रॉइंगही. हमी दिली नाही, तरी तुम्ही उघडून बघू शकता. मी बघितलंय.”

“समजलं का त्यातलं?”

“बरंचसं.”

मालकांनी मान डोलावली. ते खूश झाले म्हणून नव्हे. दुसरं काही हातात नव्हतं म्हणून.

प्रोग्राम तुकड्यातुकड्यांनी असतो. त्याला ब्लॉक म्हणतात. एकेक ब्लॉक लॅपटॉपमध्ये येऊ लागला. बाहेर वाळू मळली जात होती, पट्टा फिरत होता, हिरवा दिवा हिरवाच होता. देसाईसुद्धा स्टूल ओढून बसले. आणि तेवढ्यात शेडमधले दिवे गेले.

पट्टा थांबला. फौंड्रीत जनरेटर होता, पण तो भट्टीच्या थंड पाण्याचा पंप चालवण्यापुरता. भट्टीचं पाणी थांबलं तर भट्टी जाते. बाकीच्यांनी अंधारात बसायचं. पॅनेलचा यूपीएस पीं पीं करू लागला. PLC अजून जागा होता. ब्लॉक येत होते, मुंगीच्या पावलानं. माझ्या लॅपटॉपची बॅटरी माझ्यासारखीच, भरलेली दिसायची पण टिकायची नाही.

“चालवा, चालवा,” मालक म्हणत होते. कुणाला म्हणत होते माहीत नाही.

मशीनची अक्कल ज्यात होती, ते सगळे ब्लॉक आले. शेवटचा एक राहिला. त्यात वेळा होत्या: पाणी किती सेकंद, मळणं किती. तो येता येता यूपीएसची पीं पीं एकसलग झाली आणि बंद पडली. पॅनेल काळं झालं.

“गेली,” देसाई म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “दोन्ही गेल्या, माने साहेब.”

लाईट आली, तेव्हा लाईन दोनवरही लाल दिवा होता. त्या वेळी मला माझ्या सासऱ्यांचं म्हणणं आठवलं, की बँकेची परीक्षा द्यायला हवी होती.

मी लॅपटॉपमधून ब्लॉक परत पाठवायला सुरुवात केली. वेळांचा ब्लॉक कोरा तयार केला आणि अंदाजानं आकडे भरले. स्विच फिरवला. दिवा लाल राहिला. एका ब्लॉकची लांबी चुकली होती. ती नीट केली, पुन्हा फिरवला. हिरवा.

संध्याकाळपर्यंत लाईन एकसुद्धा उठली. दोघी जुळ्या, म्हणून एकीचं डोकं दुसरीला चाललं. वाळू मात्र बिघडली. देसाई मुठीत वाळू दाबून बघत, मूठ उघडत, गोळा फुटला की मला आकडा बदलायला सांगत. पुढचे कितीतरी दिवस कास्टिंगला भोकं पडत राहिली आणि बराच माल परत भट्टीत गेला. ऑर्डर पोचली, पण उशिरा. मालकांनी पेढे वगैरे वाटले नाहीत.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

“कांबळेला परत घ्या.”

“का?”

“लाईन दोनला त्यानं हात लावला होता का? घरी होता तो. लाईट गेली आणि प्रोग्राम गेला. एकचंही तसंच. कारण सेल. आता लाईटवाल्यांना कामावरून काढणार का?”

मालक हसले. खरोखर हसले.

“त्यास्नी काढता येत न्हाई, माने साहेब.”

“म्हणून कांबळे?”

त्यांनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट इकडून तिकडे केला. मग हळू आवाजात म्हणाले, “त्याला परत घेतला, तर चूक कुणाची म्हणायची? देसाईची? का माझी? पन्नास माणसं हायत शेडमधी. त्यास्नी दिसलं पायजे, चुकलेला माणूस भायेर गेला.”

“तो चुकला नाही.”

“मला म्हाईत हाय,” मालक म्हणाले. “चहा घेणार?”

मी घेतला. पुढच्या वर्षीचं मेन्टेनन्सचं काम माझ्याकडेच होतं.

कांबळेला टपरीवर सांगितलं. तो म्हणाला, “म्हंजे माझ्यामुळं गेलं न्हाई, हे ठरलं न्हवं?”

“ठरलं.”

“कुणाफुडं?”

त्यानं आजऱ्याला एका काजू कारखान्यात बोलणं केलं होतं. तिथं शिरोलीच्या बातम्या पोचत नाहीत, म्हणाला. इथं पॅनेल बघायचा, तिथं काजूच्या भट्टीची वायरिंग बघणार होता. एसटीची वेळ झाली म्हणून उठला. या वेळी त्याच्या चहाचे पैसे मी दिले आणि त्यानं देऊ दिले.

ते सॉफ्टवेअर मी पुढे पुष्कळ ठिकाणी वापरलं. त्या परदेशी गृहस्थाला आभाराची मेल केली. त्यात सगळं व्यवस्थित झालं असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

आता कुठल्याही कारखान्यात गेलो, की आधी प्रोग्रामची कॉपी काढतो, सेल बघतो. मग विचारतो, सणासुदीला मशीन बंद करायला सांगतं कोण. हे विचारलं की ऑफिसात चहा मागवला जातो. बंद करतं कोण, ते मात्र न विचारता सगळे सांगतात.