चाचांचे बर्फाचे जोडे

दुबईपलीकडच्या फुजैरात भर ऑगस्टमध्ये दोन लोकरी मोजे एकावर एक चढवून घरभर हिंडणारा माणूस मी एकच पाहिला. चाचा. मूळचे रत्नागिरीचे, नोकरी बंदरावर तेलाच्या टाक्यांची, आणि वेड किर्गिझस्तानच्या बर्फात परवाना काढून रानबोकडाची शिकार करण्याचं. "घाम मोज्यात राहतो की बाहेर जातो, ते इथेच बघायचं. तिथे कळलं तर बोटं जातात," म्हणायचे.

मी दुबईतल्या अल बर्शाचा रहिवासी, ऑफिसातल्या एसीला घाबरून स्वेटर घालणारा. तरी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, मीही येतो. चाचांनी लगेच पाठीवर तांदळाची गोणी देऊन मला वजनकाट्यावर उभं केलं. "स्नोशूज पायाच्या मापाचे नाय घ्यायचे. तू, तुझी सॅक, बंदूक, सगळ्यांचं वजन धरायचं. वजन जास्त, तर जोडा मोठा."

मोठे स्नोशूज म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून पायांना बांधलेली दोन सुपं. मॉलच्या आरशात मी त्यात अगदीच बावळट दिसत होतो. म्हणून आखूड, लाल, देखणे घेतले. वर शहाणपणा असा, की वाळवंटात नेऊन ट्रायल घेतली. वाळूच्या टेकाडावर झकास चाललो. व्हिडिओ पाठवला, तर चाचांचं उत्तर आलं, "हबीबी, वाळू तुला झेलेल. ताजा बर्फ नाय झेलायचा." मी अंगठा पाठवून मोकळा झालो.

चाचांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यामुळे ही त्यांची शेवटची शिकार. किर्गिझस्तानात पोचलो, डोंगर चढलो; वाटाड्या खाली घोड्यांपाशी थांबला होता. समोरच्या उतारावर रानबोकड उभा होता. चाचांनी बंदूक उचलली आणि मागे मी कमरेपर्यंत बर्फात गेलो. हूं की चूं केलं नाही, तेवढीच माझी कामगिरी. पण त्यांनी वळून पाहिलं. मग एकदा बोकडाकडे पाहिलं, बंदूक खांद्याला अडकवली आणि माझ्याकडे आले. "हलू नको. यल्ला, आधी डावा पाय." हातांनी उकरून त्यांनी मला काढलं, तोवर उतार रिकामा होता. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कायमचे रत्नागिरीला जायच्या आधी त्यांनी मला जेवायला बोलावलं. चाची वाढता वाढता म्हणाल्या, "शेवटच्या वेळी यांचा नेम चुकला. हात थरथरला म्हणे. आयुष्यात पहिल्यांदाच."

मी तोंड उघडलं. चाचांनी माझ्या ताटात मटण वाढलं. "जेव. तो विषय खलास."

मी मान खाली घालून जेवलो. त्या दिवशी गोळी सुटलीच नव्हती, हे आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.