अजीर्ण झालेली टाकी: शहादा आणि तोरणमाळ

मैत्रिणीच्या आईचा, शोभाकाकींचा फोन आला म्हणून मी शहाद्याकडे निघाले. त्यांची गोबरगॅसची शेगडी पेटेना. त्यांच्या दिरांनी बजावलं होतं, पोळ्यापर्यंत ज्योत दिसली नाही तर टाकी बुजवून तिथे ट्रॅक्टरची शेड. टाकी काकींनी हट्टाने बांधून घेतलेली. माझं काम अशा टाक्यांचंच, त्यामुळे नकाराला कारण सापडलं नाही.

नंदुरबार स्टेशनहून प्रकाशामार्गे एसटी मिळते. तापीचा पूल येईपर्यंत खिडकीची जागा सोडू नका. काकींकडे जेवायला शेवभाजी आणि दादर ज्वारीची भाकरी.

"अजून एक ले वं पोरी."

"काकी, तीन झाल्या."

"मोजी ऱ्हायनी का तू?"

टाकीलाही असाच आग्रह चालला होता. केळीचं खोड, साखर कारखान्याची मळी आणि वर ज्याने जे सुचवलं ते: गूळ, ताक, मोहाची फुलं. गॅस येत होता, जळत नव्हता. कागदी पट्टी बुडवून पाहिली. आतलं सगळं आंबलेलं. एकदम एवढं गोड पडलं की आम्ल वाढतं आणि जळणारा गॅस करणारे जंतू मंदावतात. उपाय साधा: काही दिवस खाणं बंद, थोडी थोडी लाकडाची राख, मग नुसतं शेणपाणी. खोड सगळ्यात शेवटी, बारीक चिरून.

"उपाशी ठेवू तिले?" काकींनी विचारलं.

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोरणमाळला गेले. शेअर जीप भरल्याशिवाय हलत नाही. भाडं आधी विचारा, आणि घाटात पोट हलकं ठेवा. मला ते जमलं नव्हतं. वर तलावावर ढग उतरले होते. बराच वेळ कोणी काही वाढलं नाही, बरं वाटलं.

परतले तर टाकीच्या तोंडाशी केळीच्या ताज्या साली.

"काकी, हे काय?"

"थोडंसंच. तू फिराले गई, ती एकली व्हती."

हात रिकामे राहिले की काकी वाढणारच, म्हणून त्यांना रोज सकाळी राख चाळायचं काम दिलं, अगदी मैद्याच्या चाळणीने. इतक्या बारीक राखेची टाकीला गरज नव्हती.

पुण्याला परतल्यावर मी मुद्दाम चौकशी केली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी काकींचाच फोन आला.

"भाऊजी शेड मोजाले टेप लईसन येल व्हतात. चहा पीसन गयात."

"चहा कुठल्या शेगडीवर केला?"

"आपलीच. निळी ज्योत शे."

मी फोटो मागितला. लगेच आला. त्यात ज्योत दिसत नाही. शेगडीवर भलं मोठं पातेलं आहे, काठोकाठ भरलेलं. पुरावा म्हणून असा फोटो मी दुसऱ्या कुणाचा मान्य केला नसता. हा ठेवलाय.